हिरवा काटा आणि स्वयंभू गांधार

उज्जयिनी हे मोजमापाचे गाव आहे. भारतीय ज्योतिषाने आपली मध्यरेषा या नगरीवरून नेली आणि देशोदेशीचे अंतर येथून मोजले. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात येथे वेधशाळा उभारली. पुढे ती मोडकळीस आली तेव्हा १९२३ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केला, आणि त्या कामामागे गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदाचा ध्यास होता. महाकाळाच्या दर्शनाला जाणारा माणूस वाटेत शंकूची सावली पाहून वेळ ताडून घेई आणि दोन्हींत त्याला विरोध वाटत नसे. येथे मोजणे हे कधीच श्रद्धेच्या आड आले नाही. मग गाण्याच्या बाबतीतच आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांना मोजमापाची एवढी धास्ती का वाटावी, हा प्रश्न गेली दोन-तीन वर्षे आमच्या मनात घोळत आहे. त्याला निमित्त झाले ते नातीच्या गिटारचे आणि तिच्या मोबाईलमधील अ‍ॅप्सचे.

माळव्यातील आपली बहुतेक घरे शिंदे-होळकर-पवारांच्या स्वाऱ्यांमागून आली. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकाळेश्वराचे मंदिर पुन्हा उभे केले, तेव्हापासून या गावात मराठी बोलणे, मराठी पंगत आणि मराठी गाणे आहे. १८१० साली दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली. सरदार गेले, कारकून, भिक्षुक आणि मास्तर राहिले. या मागे राहिलेल्या घरांत एक तंबोरा, एक पेटी आणि कोणातरी काकूच्या गळ्यातली चार-दोन गाणी हा स्थावर-जंगमाइतकाच वारसा असे. आता त्याच कोनाड्यात गिटार टेकवलेली दिसते. त्याबद्दल हळहळणारे पुष्कळ भेटतात. आम्ही त्यांच्यातले नाही. पण आनंदाने टाळ्या वाजवणाऱ्यांतलेही नाही. आधी वस्तू काय आहे ते पाहावे, मग मत द्यावे, अशी आमची रीत आहे.

वस्तू साधी आहे. गिटारच्या सहा तारा कोणत्या स्वरात लावायच्या ते सांगणारा ट्यूनर. बोटे कोठे ठेवायची ते ठिपक्यांनी दाखवणारी कॉर्डची चित्रे. एखादे स्केल तारांवर कोठेकोठे पसरले आहे त्याचा नकाशा. ठेका धरणारा मेट्रोनोम. ध्वनिमुद्रण स्वर न बदलता संथ करणारी सोय. आणि गाणे ऐकून त्याचे कॉर्ड आपणच ओळखून दाखवणारे यंत्र. यांपैकी चित्रांची कल्पना मुळीच नवी नाही. बोटाची जागा कागदावर लिहिण्याची पद्धत युरोपात सोळाव्या शतकापासून आहे; १५३६ साली व्हॅलेन्सियात छापलेले लुईस मिलानचे विहुएलाचे पुस्तक त्याच पद्धतीचे. संगणकावर ती पद्धत ‘गिटार प्रो’सारख्या साधनांनी १९९७ पासून आणली, आणि पुढे मोबाईल आल्यावर ती खिशात आली. नवे आहे ते एवढेच, की आता कागद ऐकू लागला आहे. विद्यार्थी वाजवतो, मायक्रोफोन ऐकतो, आणि पडद्यावर काटा हिरवा किंवा लाल होतो.

कागद ऐकू लागण्यापूर्वीही आपल्याकडे कागदावरून भांडण झालेच होते. पंडित विष्णु नारायण भातखंडे पेशाने मुंबईचे वकील. त्यांनी गावोगाव हिंडून घराण्यांच्या चिजा जमवल्या, त्यांसाठी सुटसुटीत स्वरलिपी बसवली, आणि ‘क्रमिक पुस्तकमालिके’त त्या छापून टाकल्या. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारसप्तकाला वर टिंब. ज्या बंदिशीसाठी शिष्याने बारा वर्षे उस्तादाच्या घरचे पाणी भरावे, ती काही आण्यांत बाजारात मिळू लागली, म्हणून किती जणांनी बोटे मोडली असतील! परंतु त्याच लिपीच्या जोरावर १९१८ साली ग्वाल्हेरला माधव संगीत महाविद्यालय निघाले, आणि उज्जैनही त्याच संस्थानात असल्यामुळे आपल्या घरांतील किती तरी मुली त्या पुस्तकांवरून गाऊ लागल्या. उस्तादाच्या दारात ज्यांना कोणी उभे केले नसते, त्या गाऊ लागल्या. कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, त्याचेही फळ हेच. पुस्तकाने गाणे पातळ केले असे म्हणणाऱ्यांनी, पुस्तक नसते तर आपल्या आजीला यमन कोणी शिकवला असता, याचे उत्तर द्यावे.

पेटीचे तेच. नाट्यसंगीतात ऑर्गन आणि पेटी अशी मुरली की ती परदेशी आहे हेच लोक विसरले. आणि तरीही आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली. ती मींड काढू शकत नाही आणि तिचे स्वर आपले नव्हेत, हे कारण. १९७१ च्या सुमारास ती बंदी सैल झाली. या सगळ्या काळात घराघरांत पेटी वाजतच राहिली. गोविंदराव टेंब्यांनी तिच्यावर जे केले ते ऐकणाऱ्या माणसाला बंदीचे कारण पटले नसते. तरी कारण खोटे होते असेही नाही. हे दोन्ही एकदम खरे असू शकते, आणि आजच्या साधनांविषयी बोलताना ते ध्यानात ठेवणे बरे.

आमची नात नववीत असताना तिने गिटार घेतली. शिकवणी नाही, अ‍ॅपवरूनच आरंभ. पहिल्या महिन्यात बोटांच्या टोकांना घट्टे, दुसऱ्यात चार कॉर्ड, तिसऱ्यात एक अख्खे गाणे. ही प्रगती पाहून आम्हाला खरोखर कौतुक वाटले. यंत्र कंटाळत नाही. एकच चूक चाळीसदा केली तरी त्याचा स्वर चढत नाही. रात्री अकराला उत्साह आला तर तेव्हाही ते हजर असते. गावात चांगला शिक्षक नसलेल्या, किंवा शिकवणीला एकटे पाठवायला घरचे कचरतात अशा मुलींना याचे मोल किती, हे शहरातल्या समीक्षकांना कळणार नाही.

एके दिवशी तिने स्केलचा नकाशा दाखवला आणि म्हणाली, “आजोबा, हे लिडियन म्हणून आहे. मस्त आहे ना?” आम्ही पाहिले. सारे स्वर शुद्ध आणि मध्यम तेवढा तीव्र. आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “हा तर कल्याण थाट.” मग दोघींचा खेळच सुरू झाला. अ‍ॅपने मेजर म्हटले की हिने बिलावल म्हणावे. मिक्सोलिडियन म्हटले की खमाज. डोरियन म्हटले की काफी. फ्रिजियन म्हटले की भैरवी. भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी सहा त्या नकाशांत जसेच्या तसे सापडले. भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी मात्र त्या युरोपीय सात नावांच्या यादीत कोठे बसेनात. त्या दुपारी नातीला आपल्या आजीबद्दल जो आदर वाटला, तो आमच्या कित्येक वर्षांच्या उपदेशाने वाटला नव्हता.

पण खेळ तेथेच संपत नाही. सौ.ने तिला विचारले, “सा, रे, ग, प, ध. हे काय आहे सांग.” अ‍ॅपने सांगितले, पाच स्वरांचे स्केल, मेजर पेंटाटॉनिक. “बरं. पण हा भूप की देशकार?” स्वर तेच पाच. भूपात गांधारावर विसावायचे, रात्रीचा पहिला प्रहर. देशकारात धैवत मोठा, सकाळची वेळ, आणि चाल वरच्या अंगाने. नकाशावर दोन्ही एकच. मारवा, पूरिया आणि सोहनी या तिघांचीही हीच कथा. नकाशा घरे दाखवतो. कोणत्या घरी बसायचे, कोठून नुसते हात करून पुढे जायचे, हे तो दाखवत नाही. नात क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, “मग हे कुठे लिहिलेलं असतं?” सौ.ने दोन्ही राग थोडे थोडे गाऊन दाखवले. दुसरे उत्तर नव्हतेच.

आता त्या काट्याविषयी. एका संध्याकाळी नात आपल्या मैत्रिणींसह गिटार घेऊन रामघाटावर बसली होती. आम्हीही फिरायला गेलो होतो. घाटाच्या पायऱ्या अजून दिवसभराच्या उन्हाने गरम होत्या, पलीकडे दत्त आखाड्याचे दिवे लागत होते, आणि शिप्रेची आरती सुरू झाली. पोरी तारा लावत होत्या आणि काटा काही केल्या ठरेना. “हा वेड्यासारखा नाचून राहिला आहे,” असे म्हणून त्या हसत होत्या. कारण घंटा. ताणलेल्या तारेतून मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर निघतात. त्यांचा मेळ पाहून यंत्र मूळ स्वर ओळखते. घंटेचे उपस्वर असे सरळ पटींत नसतात. ती धातूची जाड वस्तू. तिच्या अंगात अनेक कंपने आपापल्या हिशेबाने चालतात. म्हणून घाटावरच्या पन्नास घंटांपुढे ट्यूनरची अक्कल चालेना. शेवटी एका मुलीने गिटारच्या मानेला चिमटा लावायचा छोटा ट्यूनर काढला. तो हवेतला आवाज ऐकत नाही, लाकडाची थरथर मोजतो. त्याने मुकाट काम केले. यंत्राचा उपाय यंत्रापाशी असतोच. पण घाटावर आवाज कशाचा आहे हे ठरवणारा कान मात्र माणसाचा असावा लागतो.

त्याहून अवघड गोष्ट घरी घडली. आमच्या मोठ्या वहिनींना आता चौऱ्यांशी सरली. त्यांचे माहेर देवासजवळचे. त्यांच्यापाशी संजेची, भोंडल्याची आणि जात्यावरची मिळून पस्तीस-चाळीस गाणी आहेत. पितृपक्षात माळव्याच्या पोरी भिंतीवर शेणाची संजा काढून गातात, त्या चाली वहिनींनी शेजारच्या मुलींकडून उचलल्या. नवरात्रात भोंडल्याला शब्द मराठी आणि चाल माळवी असे होऊ लागले. कोणी लिहून ठेवले नाही. अशा चालींची किंमत काय असते ते कुमार गंधर्वांनी आपल्याला दाखवले आहे. १९४८ साली ते आजारी स्थितीत देवासला आले, अंथरुणाला खिळले असता रस्त्यावरून, अंगणातून येणारी माळवी गाणी ऐकत राहिले, आणि पुढे त्या धुनांतूनच मालवती, लगनगांधार असे राग त्यांनी घडवले. १९६५ सालच्या ‘अनूपरागविलास’त त्यांतले पुष्कळ आले आहे. पण प्रत्येक अंगणाबाहेर कुमार गंधर्व पडून ऐकत नव्हते. वहिनींची गाणी वहिनींबरोबर जातील, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते आणि त्याविषयी कोणी बोलत नव्हते.

नातीने एक दिवस मोबाईल त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटले, “मोठी आजी, गा.” त्या लाजल्या, मग गायल्या. नंतर पोरीने ते मुद्रण कॉर्ड ओळखणाऱ्या अ‍ॅपला ऐकवले. ते अ‍ॅप आलेला आवाज बारा स्वरांच्या बारा खणांत वाटते, कोणते खण भरले ते पाहते, आणि ठरावीक कॉर्डांच्या साच्यांशी ताडून जवळचे नाव देते. येथे तर एकटा गळा, कॉर्ड नव्हतेच. पण ‘नाही’ म्हणणे त्याला शिकवलेले नव्हते. दर दोन मात्रांनी ते नवे नाव सांगत गेले. नातीने ती नावे घेऊन साथ बसवली, आणि आमच्या चिरंजीवांना ती फार आवडली. पुण्याची आणि अमेरिकेची भावंडे असेच ऐकतील, नुसते म्हातारीचे गाणे कोण ऐकणार, असे त्यांचे म्हणणे. त्यात तथ्य नाही असे नाही. वहिनींनी मात्र ते ऐकले आणि म्हणाल्या, “हे माझं गाणं आहे का गं? मी कुठे वळले ते ऐकूच येऊन नाही राहिलं.”

हा वाद आमच्या घरात पंधरा दिवस चालला. वरवर तो साथीचा वाद होता. खरा प्रश्न हा, की वहिनींच्या पश्चात घरात काय राहणार. वहिनींचा गळा की गळ्यावर चढवलेला पोशाख? चिरंजीव म्हणत, पोशाख नसेल तर दारात कोणी उभे करणार नाही. सौ. म्हणत, दारात कोणाला उभे केले हेच उद्या कळणार नाही.

उलगडा, झाला तेवढा, मोजमापातूनच झाला. वहिनींचा षड्ज आता पांढरी सहावर येतो, म्हणजे सेकंदाला २२० कंपने. नात त्यांच्या गांधारावर गिटार जुळवू पाहे आणि दोन्ही एकमेकांवर घासत. ट्यूनर सांगे, मोठ्या आजीचा गांधार उतरलेला आहे, काटा लाल. वय झाले, गळा उतरतो, असे कोणीही म्हटले असते. आम्ही सौ.चा तंबोरा त्याच षड्जात लावायला सांगितले. तंबोरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून न छेडलेला गांधार आपोआप बोलू लागतो. जुने लोक त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. तो तारेचा पाचवा उपस्वर, आणि षड्जाशी त्याचे नाते पाचास चार असे सरळ. २२० च्या षड्जाला तो २७५ वर येतो. गिटारचा गांधार येतो २७७ च्या किंचित वर. वहिनींचा गळा आणि तंबोरा एकजीव झाले. गिटार वेगळी पडली.

याचे कारण गिटार वाईट आहे हे नव्हे. तिचे पडदे सप्तकाचे बारा सारखे भाग करून बसवलेले असतात. कोणताही स्वर षड्ज मानला तरी सर्व कॉर्ड सारखेच वाजावेत यासाठी ती तडजोड आहे. गॅलिलिओचे वडील व्हिन्चेन्झो यांनी १५८१ साली ल्यूटचे पडदे बसवण्यासाठी तारेच्या उरलेल्या लांबीचा दर वेळी अठरावा भाग घ्यावा, असा कारागिराला सोपा नियम दिला होता. आज ६५० मिलिमीटर तारेच्या गिटारवर पहिला पडदा सुमारे साडेछत्तीस मिलिमीटरवर येतो आणि पुढली अंतरे त्याच प्रमाणात घटत जातात. या तडजोडीत पंचमाचे जवळजवळ काही बिघडत नाही. गांधार मात्र अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्श्याने चढतो. अ‍ॅपचा काटा या बारा भागांनाच खरे मानतो. काही अ‍ॅपमध्ये दुसरे कोष्टक निवडता येते, पण ते निवडायचे हे आधी कानाला कळावे लागते.

हाही वाद आपल्या माणसांनी पूर्वीच घातला आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी १९१० साली बावीस श्रुतींचे गणित पुस्तकात मांडले. अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा त्यांच्या प्रयोगांना साथीला होता, आणि साताऱ्याचे न्यायाधीश क्लेमेंट्स यांच्या साहाय्याने श्रुती वाजवणारी पेटीही त्यांनी तयार करवली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावरून मोठा वाद झाला आणि ती पेटी काही रूढ झाली नाही. पण पेटीत आपले स्वर नाहीत असे नुसते ओरडत न बसता, किती नाहीत ते मोजून पाहावे आणि स्वर देणारे यंत्र करून पाहावे, ही त्या देवलांची वृत्ती आम्हाला फार आवडते.

आमच्या माडीवर एक जुनी हवाईयन गिटार टांगलेली होती. साठ-सत्तरच्या दशकांत हे वाद्य घरोघर होते. व्हॅन शिप्लेंच्या रेकॉर्डी ऐकून आमच्या धाकट्या काकांनी ती घेतली होती. याच वाद्यावर ब्रिजभूषण काब्रांनी राग वाजवला, १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’त संतूर आणि बासरीच्या बरोबरीने त्यांची गिटार आहे, पुढे विश्वमोहन भट्टांनी तिची मोहनवीणा केली आणि १९९४ साली ग्रॅमी मिळवली. ही गिटार मांडीवर आडवी ठेवतात, तारा पडद्यांपासून उंच असतात आणि त्यांवरून पोलादी कांडी सरकवतात. पडदे नुसते खुणेपुरते. त्यामुळे गांधार २७७ वरच थांबला पाहिजे अशी सक्ती नाही. कांडी केसभर मागे घेतली की २७५.

नातीने ती उतरवली, नव्या तारा चढवल्या. तारा जुळवल्या मोबाईलच्याच ट्यूनरने. षड्ज-पंचमापुरता तो अगदी खरा. गांधारासाठी तिने मोबाईल पालथा ठेवला. मग वहिनींचे मुद्रण निम्म्या गतीने लावून त्या कोठे वळतात ते शोधत बसली, आणि ही सोय नसती तर ती वळणे आमच्या कोणाच्याच हाती लागली नसती हे सांगितलेच पाहिजे. संजेच्या एका गाण्यात वहिनी वर जाताना एक गांधार घेतात आणि उतरताना दुसरा, थोडा खालचा. हे आम्ही पन्नास वर्षे ऐकत होतो, पण निम्म्या गतीने ऐकल्यावर ते प्रथमच वेगळे दिसले. सौ.ने ते भातखंडे लिपीत उतरवले. जेथे लिपी थकली तेथे बाजूला मराठीत दोन शब्द लिहिले. साथीला कॉर्ड नाहीत. खालचा षड्ज, पंचम, आणि मध्ये मध्ये कांडीची एक ओढ. चिरंजीवांची तक्रार अजून मिटलेली नाही. त्यांनी आपली कॉर्डवाली प्रत पुण्याला पाठवली, आणि तिकडच्या मुलांना ती आवडली. आम्ही दुसरीही पाठवली. घरात दोन्ही प्रती आहेत.

या सगळ्यात फ्रीगंजातील एका गिटारच्या गुरुजींचा उल्लेख राहू नये. नातीचे मनगट दुखू लागले, तेव्हा आम्ही तिला त्यांच्याकडे नेले. त्यांनी तिला एक स्वरही वाजवायला लावला नाही; नुसते बसायला सांगितले, अंगठा पाहिला, कोपर पाहिले, आणि मागे टेकायची खुर्ची बदलायला सांगितली. आठ दिवसांत दुखणे गेले. अ‍ॅपने त्या सहा महिन्यांत तिला शेकडो हिरवे काटे दिले होते, कारण स्वर बरोबर येत होते. ते कशाच्या मोलाने येत आहेत हे त्याला दिसत नव्हते. गुरुजींकडे पूर्वी वीस-पंचवीस मुले असत, आता पाच-सहा येतात. आमची नात आता आठवड्यातून एकदा जाते. बाकीचे सहा दिवस अ‍ॅप. ही वाटणी आम्हाला बरी वाटते, आणि ती परवडण्यासारखीही आहे. गुरुजींच्या पोटाचा प्रश्न मात्र तिने सुटत नाही, तो आपण सर्वांनी मिळूनच पाहायचा आहे.

रामघाटावर आपल्या तीर्थपुरोहितांच्या वह्या आहेत. आपल्यापैकी कित्येकांनी त्या उघडून पणजोबांची सही पाहिली असेल. नाव, गाव, गोत्र, कोणाच्या क्रियेला कोण आले होते, हे सारे त्यांत मिळते. पणजोबांचा आवाज कसा होता ते मिळत नाही. आपल्या पिढीला आवाज ठेवण्याचे साधन मिळाले आहे, आणि ते प्रत्येकाच्या खिशात आहे. त्याच घाटाखाली वाहणाऱ्या शिप्रेत २०१४ पासून नर्मदेचे पाणी पंपाने चढवून आणले जाते. २०१६ च्या सिंहस्थात लाखो लोकांनी त्या पाण्यात स्नान केले आणि नदीला शिप्राच म्हटले. यंत्राने आणलेले पाणी नदीचे होते की नाही, याचा निकाल स्नान करणारे देतात. पण पंप बंद ठेवला आणि पात्र कोरडे पडले, तर निकाल द्यायला काही उरत नाही.

म्हणून मंडळाच्या वाचकांना आमचे एकच सांगणे आहे. ज्यांच्या घरी अशी वहिनी, आत्या किंवा काकू आहे, त्यांनी येत्या सणापर्यंत थांबू नये. पोरांच्या हातात मोबाईल आहेच. तो त्यांच्याकडून काढून घेण्याऐवजी वृद्धेच्या समोर ठेवायला सांगावा. आधी नुसता गळा मुद्रित करावा, कोणतीही साथ न चढवता. षड्ज कोणता ते लिहावे, गाणे कोणत्या दिवशी, कोणत्या कामाच्या वेळी म्हणत, ते लिहावे. मग मुलांना त्यावर हवे ते करू द्यावे. मूळ प्रत शाबूत असली की त्यांच्या कॉर्डांची भीती बाळगण्याचे कारण नाही.

आमच्याकडे वहिनींची अकरा गाणी झाली आहेत. चोवीस-पंचवीस उरली आहेत. परवा त्यांना खोकला होता, म्हणून बैठक झाली नाही. या आठवड्यात बाराव्याला बसायचे ठरले आहे. ते जात्यावरचे आहे, आणि जाते अंगणातल्या बोरिंगमागे पडलेले असते. ते आधी धुऊन माजघरात आणायचे, कारण नुसते बसून ते गाणे येत नाही असे वहिनींचे म्हणणे आहे.